माजी खेळाडूंसाठी महाविद्यालयाचे क्रीडा गौरव दालन: शोधापासून सोहळ्यापर्यंत

हेलसिंकी ऑलिंपिकला जायचे तर खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या या मल्लासाठी तिथल्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवले आणि सात हजार रुपये उभे केले. १९५२ साली खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९८४ साली अपघातात ते गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर दीड दशकाने, मरणोत्तर. मुरलीकांत पेटकरांनी १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये जलतरणात सुवर्णपदक जिंकले. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली.

सरकारी सन्मानाला अर्ज, शिफारस, कोटा, समिती असे अनेक उंबरे ओलांडावे लागतात. महाविद्यालयाला त्यातले काहीच लागत नाही. खेळाडू मुलीचे नाव महाविद्यालयाच्याच रजिस्टरात असते, त्याच्याच मैदानावर ती पहाटे धावलेली असते, त्याच्याच कपाटात तिने आणलेला चषक असतो. तरीही आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांत माजी खेळाडूंचा सन्मान म्हणजे सुवर्णमहोत्सवात एकदा शाल-श्रीफळ, एवढ्यावरच थांबतो. अमेरिकेतल्या विद्यापीठांत माजी खेळाडूंचे हॉल ऑफ फेम, म्हणजे गौरव दालन, असते, दरवर्षी ठरावीक संख्येने नवी नावे त्यात दाखल होतात आणि निवडीचे नियम लिहिलेले असतात. ती शिस्त आपल्याकडे, महाविद्यालयाच्या क्रीडा गौरव दालनाच्या रूपाने, आणण्यासारखी आहे. ती आणायची असेल तर कोणत्या क्रमाने काय करायचे ते इथे सांगतो. माझा आग्रह एकच आहे: सोहळा सर्वांत शेवटी. आधी नियम, मग शोध, मग पडताळणी, मग निवड. हा क्रम उलटला की आठवणीत असलेल्यांचाच सत्कार होतो आणि ज्यांना शोधून काढायला हवे होते ते राहून जातात.

आधी समिती, तीही नावे सुचण्याआधी

प्राचार्य अध्यक्ष आणि शारीरिक शिक्षण संचालक सचिव, हे ओघाने आलेच. बाकीचे सदस्य मात्र विचार करून घ्या. वेगवेगळ्या खेळांतले आणि वेगवेगळ्या दशकांतले दोन-तीन माजी खेळाडू, त्यांत किमान एक महिला. इतिहासाचे प्राध्यापक किंवा ग्रंथपाल, कारण पुढचे निम्मे काम कागद शोधण्याचे आहे. आणि बाहेरची एक व्यक्ती: दुसऱ्या महाविद्यालयाचे निवृत्त शारीरिक शिक्षण संचालक किंवा जिल्ह्यातले जुने क्रीडा पत्रकार. या बाहेरच्या माणसाचा उपयोग मतभेदाच्या वेळी कळतो. त्याला कोणाची भीड नसते.

सदस्यसंख्या विषम ठेवा, मुदत तीन वर्षांची ठेवा, आणि सगळे सदस्य एकाच वर्षी बदलणार नाहीत अशी रचना करा. सदस्याच्या स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या नावाची चर्चा सुरू झाली की त्याने बाहेर थांबायचे, हा नियम पहिल्याच बैठकीत लिहून टाका. संस्थाचालकांच्या घरातही खेळाडू असतात आणि त्यांतले काही खरोखर मोठे असतात. नियम आधीपासून असला तर त्यांचाही सन्मान निर्मळ राहतो.

ही नियमावली दोन पानांपेक्षा मोठी नको. महाविद्यालय विकास समितीकडून ती मंजूर करून घ्या. प्राचार्य बदलले, संचालक निवृत्त झाले तरी काम चालू राहावे यासाठी ही मंजुरी लागते.

निकष: त्या काळी जेवढे दार उघडे होते तेवढेच मोजा

सगळ्यात जास्त अन्याय इथे होतो. म्हणून या टप्प्याला घाई नको.

समितीला सुचणारा पहिला निकष बहुधा असा असतो: 'भारताचे प्रतिनिधित्व केलेले खेळाडू'. ऐकायला तो भारदस्त आहे, पण महाराष्ट्रातल्या महाविद्यालयात लावून बघा. कबड्डी आशियाई क्रीडा स्पर्धेत आली १९९० साली बीजिंगला, आणि महिलांची कबड्डी आली थेट २०१० साली ग्वांगझूला. खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्हींचे कर्णधारपद महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. म्हणजे १९६५ साली विद्यापीठाच्या संघात पोल मारणारा, तीन मिनिटे संरक्षण करणारा खो-खोपटू कितीही उत्तम असला तरी त्याच्यासाठी विश्वचषक नावाची गोष्टच जगात नव्हती. 'आंतरराष्ट्रीय' हा निकष लावला की आपल्या मातीतल्या खेळांच्या दोन-तीन पिढ्या एका ओळीत बाद होतात.

महिलांच्या बाबतीत हे आणखी ठळक आहे. ऑलिंपिकमध्ये महिलांची १५०० मीटर शर्यत १९७२ पासून, हॉकी १९८० पासून, मॅरेथॉन १९८४ पासून, वेटलिफ्टिंग २००० पासून, कुस्ती २००४ पासून. तीन हजार मीटर स्टीपलचेस महिलांसाठी २००८ साली आली. म्हणूनच २०१६ साली रिओमध्ये साताऱ्याच्या माणदेशातल्या ललिता बाबरला त्या शर्यतीची अंतिम फेरी गाठता आली. त्याच माणदेशात तिच्या आधी तशा ताकदीच्या मुली जन्मल्याच नसतील, असे मी मानत नाही. त्यांच्यासाठी शर्यतच नव्हती.

म्हणून निकष असा लिहा: 'त्या खेळात, त्या काळात, त्या खेळाडूला उपलब्ध असलेल्या सर्वोच्च स्पर्धेतील कामगिरी'. १९५८ च्या कबड्डीपटूसाठी ती आंतरविद्यापीठ स्पर्धा असेल. आजच्या धावपटूसाठी खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धाही आहे, जी २०२० पासूनच सुरू झाली, आणि राज्यातल्या विद्यापीठांचा 'अश्वमेध' क्रीडा महोत्सवही आहे. आजच्या मुलांना पदक मिळवण्याच्या जागा जास्त आहेत. नुसती पदके मोजली तर जुने खेळाडू नेहमीच मागे पडतील.

दुसरा पेच म्हणजे महाविद्यालयात नाव होते, पण खेळला क्लबकडून. नंतर तो देशाकडून चमकला, मात्र महाविद्यालयाची जर्सी क्वचितच घातली. माझे मत असे, की या दालनाचा पाया महाविद्यालयाकडून खेळलेल्या काळावरच असावा. किमान दोन हंगाम महाविद्यालयाचे प्रतिनिधित्व केलेले असावे. नंतरची कामगिरी त्यात जरूर धरा, पण ती एकटी पुरेशी मानू नका. नाहीतर एका वर्षासाठी प्रवेश घेतलेल्या प्रसिद्ध नावांनी भिंत भरेल, आणि चार वर्षे संघ ओढून नेणारा कर्णधार बाहेर राहील.

तिसरी गोष्ट प्रतीक्षाकाळाची. अमेरिकेतल्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये खेळाडू निवृत्त झाल्यावर पाच वर्षे थांबतात. महाविद्यालयासाठी 'शिक्षण संपल्यावर किमान पाच वर्षे' हा नियम बरोबर बसतो. ताज्या यशाचे कौतुक वार्षिक पारितोषिक वितरणात करा, दालनात नाव लागण्यासाठी थोडा काळ जाऊ द्या.

वर्ग चारच पुरेत: खेळाडू, संघ, मार्गदर्शक आणि सेवा. संघाचा वर्ग विसरू नका. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉलमध्ये जिंकतो तो संघ, आणि राखीव खेळाडूसकट सगळी नावे फलकावर आली पाहिजेत. 'सेवा' या वर्गात मैदानाची काळजी घेणारा शिपाई, सामन्याला मुलांना स्वतःच्या जीपने नेणारा गावकरी, वसतिगृहात खेळाडूंसाठी रात्री उशिरा जेवण राखून ठेवणाऱ्या मावशी यांचा विचार व्हावा. जुन्या खेळाडूंना विचारून पाहा, प्राचार्यांच्या आधी ते यांची नावे घेतात.

शोध: नियतकालिक, चषक आणि माहेरची नावे

या कामाला किमान सहा महिने द्या. दोन-तीन विद्यार्थी मदतीला घ्या. इतिहास विभागाच्या प्रकल्पाला हा विषय छान जातो.

सुरुवात महाविद्यालयाच्या नियतकालिकांपासून करा. जवळपास प्रत्येक अंकात शेवटी 'जिमखाना अहवाल' असतो. कोणत्या स्पर्धेत कोण खेळले, कोणाला विद्यापीठाचा कलर (विद्यापीठ संघातून खेळल्याचा सन्मान) मिळाला हे त्यात येते. मधल्या पानांत गुळगुळीत कागदावर संघांचे ग्रुप फोटो असतात आणि त्याखाली 'बसलेले डावीकडून' अशी नावांची ओळ. या ओळी जशाच्या तशा उतरवून घ्या, अगदी चुकीच्या वाटणाऱ्या आद्याक्षरांसह. दुरुस्ती नंतर.

मग चषकांकडे या. कपाटातले चषक आणि ढाली बाहेर काढा, पुसा, त्यांवरचा कोरीव मजकूर वाचा आणि प्रत्येकाचा फोटो घ्या. फिरत्या ढालींवर लहान लहान पत्र्यांवर वर्षानुवर्षांचे विजेते कोरलेले असतात. महाविद्यालयाच्या कुठल्याच कागदात नसलेले वर्ष तिथे सापडते. पितळेला पॉलिश जोरात घासू नका, कोरलेली अक्षरे झिजतात.

त्यानंतर कार्यालय. जनरल रजिस्टर, विद्यापीठाकडे पाठवलेल्या पात्रता अर्जांच्या स्थळप्रती, खेळाडूंच्या प्रवासभत्त्याची व्हाउचर. व्हाउचरला कोणी महत्त्व देत नाही, पण कोणता संघ कोणत्या तारखेला कोणत्या गावी गेला आणि त्यात कोण होते याचा तो सह्यांसकट पुरावा असतो.

महाविद्यालय जुने असेल तर एक गोष्ट आधी तपासा: त्या वर्षी ते कोणत्या विद्यापीठाला संलग्न होते? राजाराम कॉलेज १८८० सालचे, शिवाजी विद्यापीठ १९६२ चे. म्हणजे १९६२ आधीच्या कोल्हापूर-सांगली-साताऱ्याच्या खेळाडूंची विद्यापीठीय नोंद पुण्याला आणि १९४९ आधीची मुंबईला शोधावी लागते. मराठवाड्यात विद्यापीठ १९५८ साली आले. त्याआधीची महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. अमरावती विद्यापीठ १९८३ चे, त्याआधी नागपूर. जळगाव १९९० चे आणि सोलापूर २००४ चे. नांदेडचे १९९४ मध्ये झाले, तोवर तिथला कारभार औरंगाबादहून चाले. गोवा विद्यापीठ १९८५ साली झाले, त्याआधी गोव्यातली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाची. 'आमच्याकडे नोंद नाही' असे सध्याच्या विद्यापीठाने कळवले म्हणून थांबू नका, पत्र जुन्या विद्यापीठालाही धाडा. क्रिकेटपटूंसाठी रोहिंटन बारिया चषकाचे गुणफलक बघा. ही आंतरविद्यापीठ स्पर्धा १९३५ पासून खेळली जाते आणि तिचे गुणफलक जुन्या वर्तमानपत्रांत मिळतात.

वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली जिल्हा ग्रंथालयात आणि नगर वाचनालयांत असतात. सगळे अंक चाळत बसू नका. विद्यापीठ स्पर्धा बहुतेक पावसाळ्यानंतर सुरू होऊन हिवाळ्यात संपतात, त्यामुळे ऑक्टोबर ते फेब्रुवारीचे अंक आधी घ्या.

आता सगळ्यात अवघड भाग: महिला खेळाडू. नियतकालिकात नाव 'कु. जोशी एस. व्ही.' असे असते. लग्नानंतर आडनाव बदलते, अनेकदा नावही बदलते, गाव बदलते. तीस वर्षांनी माजी विद्यार्थी संघाच्या यादीत ही बाई सापडत नाही, आणि मग समिती म्हणते की आमच्याकडे महिला खेळाडू फारशा नव्हत्याच. हे वाक्य मी एकाहून जास्त ठिकाणी ऐकले आहे, आणि प्रत्येक ठिकाणी ग्रुप फोटोंत मुलींचे संघ उभे होते. उपाय आहे, फक्त चिकाटी हवी. जनरल रजिस्टरवरून वडिलांचे नाव आणि मूळ गाव काढा. त्या गावातल्या माहेरच्या घरी, भावाकडे, शेजाऱ्यांकडे चौकशी करा. फोटोतली एक जण सापडली की ती उरलेल्या आठ जणींपैकी पाच जणींचा पत्ता सांगते. मैत्रिणी मैत्रिणींना विसरत नाहीत. नोंद करताना दोन्ही नावे लिहा, आणि फलकावर कोणते आधी यावे हे तिलाच विचारा.

फोटो स्कॅन करताना ६०० डीपीआय ठेवा, लिखित पानांना ३०० पुरते. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, नावे तिथे असतात. फ्रेमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेवरून तिरका प्रकाश टाळून कॅमेऱ्याने घ्या. कोणाच्या घरून फोटो आणला तर त्याच दिवशी स्कॅन करून परत द्या आणि पोचपावती ठेवा. एकदा फोटो हरवला की त्या घरचेच काय, त्या गावातले कोणीही पुन्हा काही देत नाही.

वयोवृद्ध खेळाडूंच्या मुलाखती सगळ्यात आधी. पंच्याऐंशीच्या माणसासाठी पुढच्या वर्षीचे वेळापत्रक करू नका. साध्या फोनवर ध्वनिमुद्रण चालते, फक्त पंखा बंद ठेवा. 'तुमच्या कारकिर्दीबद्दल सांगा' असे विचारले की चार ठराविक वाक्ये मिळतात. त्यांच्या हातात ग्रुप फोटो द्या आणि विचारा, हा कोण, याचे पुढे काय झाले, बूट कुठून आणायचे, स्पर्धेला जाताना डब्यात काय असायचे. मग तासभर बोलणे थांबत नाही. मुलाखत जपून ठेवण्याची आणि दालनात वापरण्याची लेखी परवानगी तिथेच घ्या.

पडताळणी

प्रत्येक दाव्याला दोन स्वतंत्र पुरावे. एक प्रमाणपत्र आणि एक वर्तमानपत्र, किंवा एक नियतकालिक आणि एक व्हाउचर. त्याच व्यक्तीने दिलेली दोन प्रमाणपत्रे म्हणजे दोन पुरावे नव्हेत. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे आणि त्या ओढीने बनावट क्रीडा प्रमाणपत्रांचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. प्रामाणिक खेळाडूला पडताळणीचा राग येत नाही. आपली नोंद पक्की झाली याचे त्याला समाधानच वाटते.

शब्द नेमके वापरा. 'राष्ट्रीय खेळाडू' हा शब्द आपल्याकडे फार सैल झाला आहे. शालेय राष्ट्रीय, कनिष्ठ गट राष्ट्रीय, वरिष्ठ गट राष्ट्रीय अजिंक्यपद, अखिल भारतीय आंतरविद्यापीठ, पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ, निमंत्रितांची स्पर्धा, या सगळ्या वेगळ्या गोष्टी आहेत. सहभाग आणि प्रावीण्य यांतही फरक आहे. काही खेळांत एकाच वेळी दोन प्रतिस्पर्धी संघटना होत्या, तेव्हा प्रमाणपत्र कोणत्या संघटनेचे आहे आणि तिला त्या वर्षी मान्यता होती का हे पाहा. फलकावर लिहायचे ते एवढेच: स्पर्धेचे पूर्ण नाव, ठिकाण, वर्ष, क्रमांक.

नामांकन आणि मतदान

आता नावे मागवा. एक पानी अर्ज, मराठीत, हाताने लिहिलेलाही चालेल असा. माजी विद्यार्थी संघ, वर्तमानपत्रातले स्थानिक पान, व्हॉट्सअॅप गट आणि तालमी-क्रीडा मंडळे यांच्यामार्फत आवाहन करा. मुदत दोन महिन्यांची द्या. स्वतःचे नाव सुचवायला बंदी घालू नका, पण समितीलाही शोधातून नावे मांडायचा हक्क ठेवा. नाहीतर ज्यांच्यामागे कोणी नाही त्यांचे नाव येणारच नाही.

मतदान गुप्त आणि दोन तृतीयांश बहुमताचे असावे. बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये पंच्याहत्तर टक्के मते लागतात. १९३६ साली तिथे पहिली निवड झाली तेव्हा बेब रूथसकट पाचच खेळाडू ठरले. पाचांचा हा आकडा आपल्यालाही योग्य आहे: दरवर्षी जास्तीत जास्त पाच व्यक्ती आणि एक संघ. पहिल्याच वर्षी पन्नास जणांना उरकून टाकायचा मोह होतो. तो आवरा, कारण पन्नास जणांच्या सत्कारात एकाचीही गोष्ट सांगून होत नाही. पहिली तीन वर्षे मात्र जुन्या दशकांना झुकते माप द्या, पाचांतल्या तीन जागा साठीच्या पुढच्यांसाठी राखा.

निवड न झालेले नामांकन तीन वर्षे जिवंत ठेवा, दरवर्षी नवा अर्ज मागू नका. कोण निवडले गेले नाही हे समितीबाहेर जाऊ देऊ नका. छोट्या गावात याचा फार त्रास होतो, आणि तो नाहक खेळाडूलाच होतो.

सन्मान मागे घेण्याची तरतूदही आधीच लिहा. उत्तेजक सेवन सिद्ध झाले, खोटी कागदपत्रे निघाली, गंभीर गुन्ह्यात दोषी ठरले, तर काय? यात घाई कशी अन्यायकारक ठरते याचे उदाहरण जिम थॉर्पचे आहे. अमेरिकेतल्या कार्लाइलच्या इंडियन स्कूलच्या या मूळनिवासी आदिवासी विद्यार्थ्याने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन जिंकले. ऑलिंपिक तेव्हा फक्त हौशी खेळाडूंसाठी होते आणि तो थोड्या पैशांसाठी बेसबॉल खेळला होता, म्हणून पुढच्याच वर्षी पदके काढून घेतली. ती परत मिळाली १९८२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, तीही सहविजेता म्हणून, आणि एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव लागायला २०२२ उजाडले. म्हणून लेखी आरोप, संबंधिताचे म्हणणे आणि तीन चतुर्थांश बहुमत, या तीन पायऱ्यांशिवाय कोणाचेही नाव उतरवू नये.

मार्गदर्शकांच्या बाबतीत मी आणखी एक पायरी आवश्यक मानतो. नाव जाहीर करण्याआधी समितीतल्या महिला सदस्याने त्यांच्या हाताखाली खेळलेल्या चार-पाच जणींशी खासगीत बोलावे. कोणी अस्वस्थ झाली, गप्प झाली, विषय टाळला, तर ते नाव पुढे नेऊ नये. ज्या माणसाचा त्रास एखाद्या मुलीने सोसला असेल त्याच्या फोटोखालून तिला चालत जावे लागू नये.

दालन कुठे आणि कसे

'दालन' म्हणजे स्वतंत्र खोली असलीच पाहिजे असे नाही. जिमखान्याकडे जाणारा व्हरांडा, ग्रंथालयाचा जिना, प्रवेशद्वाराजवळची लांब भिंत, जिथून विद्यार्थी रोज जातात ती जागा निवडा. प्राचार्यांच्या कक्षाबाहेरची भिंत नको, तिथे फक्त पाहुणे जातात. थेट ऊन आणि पावसाची झड टाळा. कोकणात आणि गोव्यात ओल भिंतीतून येते, तिथे फलक भिंतीपासून बोटभर पुढे बसवा.

मूळ फोटो कधीही टांगू नका. स्कॅनवरून छापलेली प्रत लावा, मूळ फोटो खोक्यात सपाट ठेवा. फ्लेक्स तर नकोच, दोन वर्षांत फिका पडतो. अॅक्रिलिक किंवा पितळी पाटी थोडी महाग पडते पण टिकते. फलकाचा मध्य डोळ्यांच्या उंचीला, साधारण पाच फुटांवर घ्या, आणि अक्षरे एवढी मोठी ठेवा की सत्तरीतल्या खेळाडूला स्वतःचे नाव चष्मा न शोधता वाचता यावे. पुढच्या वीस वर्षांची जागा आजच आखून ठेवा.

प्रत्येक फलकावर नाव, खेळ, महाविद्यालयातील वर्षे, दोन ओळींत कामगिरी आणि एक वाक्य त्या माणसाबद्दल. ते वाक्य मुलाखतीतून घ्या. नावाचे मराठी लेखन कुटुंबाकडून कागदावर तपासून घ्या, ऱ्हस्व-दीर्घासकट. क्यूआर कोड लावला तर मुलाखतीचा आवाज ऐकता येतो. नातवंडांना ते फार आवडते.

मानपत्र

छापील मानपत्रात 'आपण क्रीडाक्षेत्रातील देदीप्यमान तारा असून आपल्या उत्तुंग कर्तृत्वाने' अशी भाषा असते. नाव बदलून ते कोणालाही देता येते, म्हणून ते कोणाचेच नसते. त्याऐवजी असे लिहा:

'१९७१ ते १९७४ या काळात तुम्ही आमच्या महाविद्यालयाच्या कबड्डी संघात डाव्या कोपऱ्याला खेळलात. दोन वर्षे विद्यापीठ संघात होता. अंतिम सामन्यात गुडघा सुजलेला असताना तुम्ही केलेली पकड आजही तुमचे सहकारी सांगतात. सकाळी दूध घालून तुम्ही सरावाला येत असा. तुम्ही दिलेल्या त्या तीन वर्षांबद्दल हे महाविद्यालय तुमचे ऋणी आहे.'

पाचच वाक्ये, प्रत्येकात एक ठोस गोष्ट, आणि सगळ्या गोष्टी पडताळलेल्या. मरणोत्तर सन्मानात मानपत्र कुटुंबाला उद्देशून लिहा, आणि ते कोणी स्वीकारायचे हे कुटुंबालाच ठरवू द्या.

सोहळा

तारखेसाठी दोन चांगले पर्याय आहेत. १५ जानेवारी हा खाशाबा जाधवांचा जन्मदिवस, महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. २९ ऑगस्ट हा मेजर ध्यानचंदांचा जन्मदिवस, राष्ट्रीय क्रीडा दिन. मी जानेवारी सुचवेन. पाऊस नसतो, मैदान कोरडे असते आणि परगावचे लोक येऊ शकतात.

पत्र दोन महिने आधी जावे, पण त्याआधी फोन. तोही शक्यतो त्यांच्या जुन्या संघातल्या सहकाऱ्याने करावा. प्रवासखर्च, राहण्याची सोय, सोबत येणाऱ्या दोघांची व्यवस्था याचा उल्लेख पत्रातच करा. पुष्कळ जुने खेळाडू साध्या घरचे असतात, पैशांचे विचारणे त्यांना जमत नाही आणि ते 'तब्येत बरी नाही' असे कळवून टाकतात.

सकाळी मैदान, दुपारनंतर सभागृह. सकाळी सध्याच्या खेळाडूंचा एक सामना ठेवा आणि माजी खेळाडूंना मैदानालगत खुर्च्या द्या. प्रत्येकासोबत त्याच खेळातला एक विद्यार्थी दिवसभर यजमान म्हणून राहील असे बघा. सभागृहात व्यासपीठाला जिना असेल तर रॅम्प आणि कठडा हवा. ज्यांना चढता येत नाही त्यांच्याकडे प्रमुख पाहुण्यांनी खाली यावे.

क्रम असा ठेवा: दीड मिनिटाची चित्रफीत किंवा फोटो, मानपत्राचे वाचन, सन्मान, मग त्या खेळाडूचे दोन शब्द. असे पाच जणांचे. पाहुण्यांचे भाषण त्यानंतर आणि दहा मिनिटांचे. पाहुण्यांना निमंत्रण देतानाच हे सांगून ठेवले की कोणी नाराज होत नाही. शाल आणि श्रीफळ जरूर द्या, ती आपली रीत आहे. पण सोबत त्यांच्या संघाच्या ग्रुप फोटोची मोठी प्रत आणि नियतकालिकातल्या त्या पानाची फ्रेम द्या. कितीतरी जणांनी तो फोटो काढल्या दिवसानंतर पाहिलेला नसतो.

पुढच्या वर्षासाठी

अंदाजपत्रकात दालनासाठी स्वतंत्र शीर्ष उघडून घ्या, रक्कम लहान असली तरी चालेल. माजी विद्यार्थी संघ नोंदणीकृत असेल तर देणग्या त्याच्यामार्फत स्वीकारता येतात. मात्र देणगी आणि निवड यांचा संबंध नाही हे नियमावलीत लिहिलेले असावे. नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यमापन करणारी राष्ट्रीय परिषद) पाचव्या निकषात क्रीडा पारितोषिके आणि माजी विद्यार्थ्यांचा सहभाग ही दोन्ही अंगे येतात, त्यामुळे या कामाचे कागद अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षालाही द्या. प्राचार्यांना पटवताना हा मुद्दा उपयोगी पडतो.

आणि यंदापासूनच एक गोष्ट सुरू करा. हंगाम संपला की मार्चमध्ये प्रत्येक संघाचा ग्रुप फोटो काढा, मागे पूर्ण नावे लिहा, आणि विद्यापीठ पातळीवर खेळलेल्या प्रत्येक मुला-मुलीचे एक पान भरून घ्या: नाव, आईवडिलांचे नाव, मूळ गाव, खेळ, स्पर्धा, ठिकाण, निकाल, प्रशिक्षक, आणि दहा वर्षांनंतरही चालू असेल असा घरच्या कोणाचा तरी फोन क्रमांक. त्याची एक प्रत जिमखान्यात, एक ग्रंथालयात आणि एक संगणकावर ठेवा.